सेलचं विमान तिकीट, आणि ‘एक रुपयाही परत मिळणार नाही’ हे खोटं

आमच्या आईला काशीला जायचं होतं. बाबा गेल्यापासून तिच्या मनात तेवढं एकच होतं. रेल्वेने ठाण्याहून वाराणसी म्हणजे एक दिवस उलटून वर प्रवास, आणि तिच्या गुडघ्यांना वरखाली करणं जमत नाही. म्हणून विमानाने न्यायचं ठरवलं. ऑगस्ट २०२४ मध्ये पंधरा ऑगस्टच्या सुमारास मोबाइलवर सेलची जाहिरात आली, मुंबई–वाराणसी ‘२,१९९ पासून’. त्यानंतर जे झालं ते सविस्तर लिहिते आहे, कारण आमच्या चरईतल्या इमारतीतच आणखी तीन घरांचे पैसे अगदी याच पद्धतीने अडकले होते आणि तिघांनीही ‘सेलचं तिकीट होतं, जाऊ दे’ म्हणून सोडून दिले होते.

आधी त्या ‘पासून’विषयी. २,१९९ हा दर कुठल्या तारखांना आहे हे शोधायला मला दीड तास लागला. तो होता पितृपक्षातल्या एका मंगळवारी, तेही फक्त जाण्याचा. आम्हाला दिवाळी आणि कार्तिकी पौर्णिमेची गर्दी ओसरल्यावर जायचं होतं. शेवटी २७ नोव्हेंबर, बुधवार, पहाटे ५.१० चं विमान जाताना २,८९९ आणि येताना ३,१५० असं मिळालं. चौघांचे जाऊन-येऊन २४,१९६. मी वागळे इस्टेटमध्ये एका कारखान्यात अकाउंट्स बघते, आकडे वाचायची सवय आहे, तरी त्या रात्री मी घाईत होते. स्क्रीनवर ‘या दरात ३ सीट शिल्लक’ असं लाल अक्षरांत लुकलुकत होतं आणि वर घड्याळ उलटं चालत होतं.

आम्ही विमान कंपनीच्या वेबसाइटवर न जाता तिकिटं काढून देणाऱ्या एका वेबसाइटवर गेलो. ही पहिली चूक. तिथे पैसे भरायच्या पानापर्यंत पोचेतो रक्कम अशी वाढली. कन्व्हिनियन्स फी माणशी आणि प्रत्येक फेरीला ३९९, म्हणजे आठदा मिळून ३,१९२. निवडलेला दर फक्त हातातल्या सामानाचा होता, म्हणजे सात किलो. खाली टाकायची बॅग वेगळी. चौघांत एकच बॅग घेतली, येता-जाता २,६००. आईला खिडकी हवी होती आणि तिच्या शेजारी मी, त्या जागांचे १,४००. विम्याच्या चौकोनात खूण आधीच केलेली होती, तिचे ९९६. मला ती दिसलीच नाही, पावती आल्यावर कळली. एकूण ३२,३८४.

ही अशी न विचारता वस्तू गळ्यात मारायची रीत कायद्याने बंद आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला ‘डार्क पॅटर्न’विषयी, म्हणजे ग्राहकाला चकवणाऱ्या स्क्रीनवरच्या युक्त्यांविषयी, मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात तेरा प्रकार दिले आहेत. खोटी घाई दाखवणं, कार्टमध्ये हळूच काहीतरी घुसवणं आणि किंमत टप्प्याटप्प्याने उघड करणं हे तिन्ही त्यात आहेत. माझ्या त्या एका रात्रीत तिन्ही झाले. मला हे माहीत नव्हतं.

पुढे मी शांतपणे बसून हिशेब मांडला. त्याच आठवड्यात कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवर दुपारच्या विमानाचा नेहमीचा दर जाताना ३,५५० आणि येताना ३,६०० होता. त्यात प्रत्येकाला पंधरा किलोची बॅग धरलेली. चौघांचे २८,६००, त्यावर त्यांची फी साधारण २,४००, म्हणजे ३१,०००. आमच्या सेलच्या तिकिटाचे, विमा आणि जागा सोडून, २९,९८८. फरक १,०१२ रुपयांचा, चार माणसांत मिळून. त्या हजारासाठी सत्तरीच्या बाईला रात्री दोनला उठवून न्यायचं. त्या वेळी लोकल नसते, टॅक्सीशिवाय इलाज नाही, आणि ठाण्याहून विमानतळापर्यंत त्या अवेळी आठशे-नऊशे सहज जातात. दुपारी निघालो असतो तर लोकलने घाटकोपर आणि तिथून मेट्रोने जवळ गेलो असतो.

पहाटेच्या वेळेचं मात्र बुकिंगच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी लक्षात आलं होतं. माझ्या मिस्टरांनी ५.१० ही वेळ वाचली आणि म्हणाले, ‘अगं, आईंना जमणार आहे का हे?’ मी लगेच त्या वेबसाइटच्या ग्राहक सेवेला फोन लावला. तिकडच्या मुलाने सांगितलं, ‘मॅडम, सेल फेअर है, इसमें कुछ चेंज नहीं होगा, कॅन्सल किया तो झीरो रिफंड.’ मी ऐकून घेतलं. आज त्याचं सर्वांत जास्त वाईट वाटतं. कारण नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या तेव्हाच्या नियमानुसार, प्रवास सात दिवस किंवा त्याहून लांब असेल तर बुकिंगपासून २४ तासांच्या आत दंड न भरता तिकीट रद्द करता किंवा बदलता येत होतं. माझं बुकिंग होऊन अकरा तास झाले होते आणि प्रवासाला तीन महिन्यांहून जास्त अवधी होता. हे नियम अधूनमधून बदलतात, म्हणून तुम्ही तिकीट काढाल त्या दिवशी चालू असलेला नियम डीजीसीएच्या वेबसाइटवर बघा. फोनवरच्या माणसाच्या तोंडून ऐकू नका.

९ नोव्हेंबरला, शनिवारी सकाळी, आई बाथरूममध्ये घसरली. घोट्याचं हाड मोडलं. प्लास्टर झालं, सहा आठवडे पाय टेकायचा नाही. तिला दुखण्यापेक्षा तिकिटांचं जास्त लागलं होतं. खाटेवर पडल्या पडल्या दर तासाला विचारायची, ‘पैसे गेले का गं सगळे?’

सोमवारी ११ तारखेला मी तिकिटं रद्द केली. स्क्रीनवर आलं, परतावा शून्य. विम्याचं बघावं म्हणून ती पॉलिसी उघडली, तर रुग्णालयात किमान २४ तास भरती असेल तरच भरपाई. आईचं प्लास्टर बाह्यरुग्ण विभागात होऊन आम्ही दुपारी घरी आलो होतो. तो विषय तिथे संपला.

मग मी तिकिटाची पावती छापून काढली. बेस फेअर म्हणजे मूळ भाडं, इंधन अधिभार, आणि त्याखाली बारीक अक्षरांत दोन ओळी होत्या, युजर डेव्हलपमेंट फी आणि एव्हिएशन सिक्युरिटी फी. यातली पहिली विमानतळाची आणि दुसरी सुरक्षेची. सुरक्षेची फी देशांतर्गत प्रवाशाला प्रत्येक उड्डाणाला २०० रुपये. माझ्या पावतीवर दोन्ही मिळून येता-जाता माणशी ८१२ होते. हे पैसे विमान कंपनीचे नाहीत. ती ते आपल्याकडून गोळा करून पुढे भरते. आपण उडालोच नाही, विमानतळ वापरलाच नाही, तर ते पैसे कुणाचे? माझ्या कामात रोज हेच असतं, दुसऱ्यासाठी गोळा केलेला कर आपल्या खिशात ठेवता येत नाही.

डीजीसीएच्या परताव्याच्या नियमात हे स्पष्ट लिहिलं आहे. तिकीट रद्द केलं, वापरलं नाही किंवा प्रवासी आलाच नाही, तरी सगळे वैधानिक कर आणि विमानतळाची शुल्कं परत करायची. सेलच्या तिकिटालाही हे लागू, आणि जिथे बेस फेअर परत मिळत नाही तिथेही लागू. रद्द करण्याचा दंड बेस फेअर आणि इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा जास्त लावता येत नाही. परतावा देण्याच्या कामाचे वेगळे पैसे लावता येत नाहीत. म्हणजे शून्य परतावा हा प्रकार नियमात बसतच नाही.

मी वेबसाइटला तीन ईमेल केले. तिन्हीला तेच साचेबद्ध उत्तर. चौथ्या दिवशी विमान कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरचा नंबर घेऊन त्यांना फोन केला आणि पीएनआर सांगितला. तिकडच्या बाईंनी दोन मिनिटं थांबायला सांगितलं आणि म्हणाल्या, ‘मॅडम, आपका ३,२४८ रुपये का रिफंड तो तेरह नवंबर को ही एजन्सी के अकाउंट में चला गया है.’

मी त्यांना ते वाक्य दुसऱ्यांदा बोलायला लावलं. आठशे बारा गुणिले चार, तीन हजार दोनशे अठ्ठेचाळीस. पैशाला पैसा जुळत होता. कंपनीने पैसे परत केले होते. ज्यांनी मला ‘शून्य’ सांगितलं त्यांच्या खात्यात ते येऊन पडले होते आणि त्यांनी ते ठेवून घेतले होते. ‘हे लेखी द्या’ म्हटलं. संध्याकाळी ईमेल आला.

फसवणूक म्हणते ती ही. महागडी फी, बॅगेचे पैसे, पहाटेचं विमान, हे मी घाईत का होईना पण मान्य केलं होतं. हे पैसे मात्र माझे होते, ते माझ्यासाठी आले होते, आणि माझ्याशी धडधडीत खोटं बोलून दाबले गेले. एका घरामागे तीन हजार. सेलमध्ये किती घरं तिकिटं काढत असतील आणि त्यातली किती रद्द करत असतील? ज्याला शून्य सांगितलं तो शोधायला जात नाही, यावरच हे चालतं.

तो ईमेल पुढे पाठवल्यावर वेबसाइटचा सूर एकदम बदलला. माझ्या तिथल्या वॉलेटमध्ये ३,२४८ जमा करतो, नव्वद दिवसांत वापरा, म्हणाले. इथे पुष्कळ जण हो म्हणतात. म्हणू नका. परतावा असा अडकवून ठेवायचा की रोख घ्यायचा हे प्रवाशाने ठरवायचं असतं, त्यांनी परस्पर नाही. मी नाही म्हटलं आणि दोन ठिकाणी तक्रार केली. एक नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या एअरसेवा पोर्टलवर आणि दुसरी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, नंबर १९१५. दोन्हीकडे पावती, रद्द केल्याचं पान आणि कंपनीचा ईमेल जोडला. एकोणीस दिवसांनी ३,२४८ रुपये माझ्या कार्डावर आले. ते आले नसते तर ठाणे जिल्हा ग्राहक आयोगात जायची तयारी केली होती. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही.

या सगळ्या धावपळीत आणखी एक घात होता होता राहिला. मिस्टरांनी गुगलवर त्या वेबसाइटचं नाव आणि ‘कस्टमर केअर’ टाकून वर आलेल्या पहिल्याच नंबरला फोन केला. समोरचा माणूस अतिशय अदबीने बोलत होता. ‘पूर्ण परतावा मिळेल, फक्त हे अ‍ॅप घ्या आणि त्यावरचा नऊ आकडी कोड सांगा.’ ते अ‍ॅप आपली स्क्रीन दुसऱ्याला दाखवणारं होतं. मी स्वयंपाकघरातून ऐकलं आणि धावत येऊन फोन काढून घेतला. ग्राहक सेवेचा नंबर तिकिटावरून किंवा कंपनीच्या स्वतःच्या अ‍ॅपमधूनच घ्या. कुणाचे असे पैसे गेलेच तर त्याच मिनिटाला सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, १९३० वर, कळवा.

मग सेलची तिकिटं घ्यावीत का? माझा भाचा पाठीवर एक पिशवी टाकून मुलाखतीला बेंगळुरूला जातो, त्याच्या तारखा पक्क्या असतात, पहाटे तीनला निघायची त्याची तयारी असते. त्याला सेल परवडतो, त्याने घ्यावा. पण घरात म्हातारं माणूस किंवा लहान मूल असेल, बॅगा असतील, तारीख हलण्याची शक्यता असेल, तर मी आता सेल बघतसुद्धा नाही. आणि आता २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचं विमानतळही सुरू झालं आहे. स्वस्त दर दिसला की शहराच्या नावाखालचा कोड वाचा, बीओएम म्हणजे मुंबईचं जुनं विमानतळ की एनएमआय म्हणजे नवी मुंबईचं. ठाण्याहून सांताक्रूझला जाणं वेगळं आणि उलव्याला जाणं वेगळं. येताना एक आणि जाताना दुसरं असंही तिकीट निघू शकतं.

इमारतीतल्या त्या तीन घरांनीही मग मागणी केली. दोघांचे पैसे आले. तिसऱ्यांनी तिकिटाची पावती फोन बदलताना घालवली होती, त्यांना पीएनआर आठवत नाही.

मी पाठवलेला मजकूर इथे देते, तुमच्या उपयोगाला येईल: ‘माझ्या अमुक पीएनआरची तिकिटं अमुक तारखेला रद्द केली आहेत. डीजीसीएच्या परताव्याविषयीच्या नियमानुसार युजर डेव्हलपमेंट फी, एव्हिएशन सिक्युरिटी फी आणि इतर वैधानिक कर परत मिळणं बंधनकारक आहे. ही रक्कम मी ज्या कार्डावरून भरली त्याच कार्डावर जमा करावी. वॉलेट किंवा कूपन मला मान्य नाही. विमान कंपनीने आपल्या खात्यात परतावा कोणत्या तारखेला आणि किती जमा केला, हे लेखी कळवावं.’ शेवटचं वाक्य गाळू नका. माझ्या पहिल्या तीन ईमेलमध्ये ते नव्हतं.