मे महिन्यातील पांदण आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स : बाहेरचा कूलर की लो रेंज?

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची फोर व्हील ड्राइव्ह गाडी पांदणीने, म्हणजे शेताकडच्या कच्च्या वाटेने, ये-जा करण्यासाठी वापरणाऱ्यांपुढे पहिल्या किंवा दुसऱ्या उन्हाळ्यातच एक प्रश्न उभा राहतो. गिअरबॉक्सच्या ऑइलसाठी समोर हवेवर चालणारा वेगळा कूलर बसवून घ्यावा, की गाडी आली तशीच ठेवून लो रेंज (वेग कमी करून चाकांचा जोर वाढवणारा जादा गिअर), तापमानाचा मीटर आणि वेळेआधीचा ऑइलबदल यांवर भागवावे? मी यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूर तालुक्यात राहतो आणि एकाच गाडीवर हे दोन्ही मार्ग वापरून पाहिले आहेत; आधीचे दोन उन्हाळे कूलरसह गेले, नंतरचे दोन कूलरविना. मॅन्युअल गाडीत खरी उष्णता क्लच प्लेटमध्ये तयार होते आणि ती चालकाच्या डाव्या पायाच्या सवयीवर अवलंबून असते, म्हणून तो विषय येथे बाजूला ठेवतो.

हिशेब मांडला तर कूलरची बाजू भक्कम वाटते. गाडीतला मूळ कूलर बहुधा इंजिनच्या कूलंटवर चालतो आणि कूलंट स्वतःच ९० अंशांच्या आसपास असते, त्यामुळे ऑइल त्याच्याखाली उतरण्याचा प्रश्नच येत नाही. ११० अंशांवर पोहोचलेल्या ऑइलला कूलंटशी २० अंशांचा फरक मिळतो, तर नवतपातल्या ४५ अंशांच्या हवेशीसुद्धा ६५ अंशांचा. आणि फरक जितका मोठा तितकी उष्णता लवकर निघून जाते. ऑइल नेहमीच्या तापमानाच्या वर गेल्यावर दर दहा-अकरा अंशांमागे त्याचे आयुष्य निम्म्यावर येते, हा ढोबळ ठोकताळा ज्याला ठाऊक आहे, त्याला कूलरचा मोह होणे स्वाभाविक आहे. मलाही झाला. आमच्याकडे कूलर म्हटले की खिडकीत लावलेला, वुडवुलच्या ताट्यांतून पाणी टपकवणारा पत्र्याचा डबा डोळ्यांसमोर येतो, पण हा कूलर त्या जातीचा नाही. यात पाण्याचे बाष्पीभवन नसल्यामुळे बाहेरच्या हवेपेक्षा खाली तो ऑइलला कधीच नेऊ शकत नाही.

वाहत्या हवेत त्याने काम चोख केले, हे मान्य करायला हवे. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट पाच माणसे आणि सामान घेऊन मे महिन्याच्या दुपारी चढताना मीटरचा आकडा पूर्वीपेक्षा बराच खाली राहिला, आणि पांढरकवड्याहून नागपूरच्या महामार्गावर तर ऑइलची काळजी करण्याचे कारणच उरले नाही. अर्थात महामार्गावर ती काळजी आधीही फारशी नव्हती, कारण इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा जो टॉर्क कन्व्हर्टर असतो, त्याच्या दोन्ही बाजू थेट जोडणारा लॉकअप क्लच तेथे लागलेला असतो आणि कन्व्हर्टर घसरतच नाही.

उष्णता तयार होते ती पांदणीत. खताची किंवा पाण्याच्या टाकीची छोटी ट्रॉली घेऊन ताशी आठ-दहा किलोमीटरने, बैलबंडीच्या चाकोऱ्यांतून गाडी रांगत असते. लॉकअप लागत नाही, कन्व्हर्टर सतत घसरतो आणि इंजिनची बरीचशी ताकद ऑइल घुसळण्यात खर्च होते. नेमक्या याच वेळी समोरून हवा येत नाही. पंखा ओढेल तेवढीच हवा मिळते आणि माझा कूलर बंपरच्या मागे अशा कोपऱ्यात बसवला होता की पंख्याची ओढ तिथवर जेमतेम पोहोचत होती. मूळ कूलरला मात्र गाडीच्या वेगाशी तितके देणेघेणे नसते, कारण कूलंट फिरवायला पंप असतो.

तरीही एवढ्यावरून मी कूलर काढला नसता. मला ज्या गोष्टीने जेरीस आणले ती म्हणजे कुटार, मळणीतला भुसा. ऑक्टोबरमध्ये सोयाबीनच्या मळणीयंत्राजवळून गाडी नेली की हवेतला भुसा थेट जाळीत शिरतो. त्यामागोमाग कापसाचा हंगाम येतो आणि बोंडांतून सुटलेले, पांदणीकडेच्या काट्यांना अडकून राहिलेले कापसाचे तंतू त्या भुशावर चिकटतात. माझ्या गाडीत कूलर आणि एसीचा कंडेन्सर यांच्यामध्ये जेमतेम दोन बोटांची फट होती आणि सगळा साठा त्याच फटीत झाला. ऑइलच्या नळीच्या जोडाला किंचित पाझर होता. त्यावर धूळ बसून थंडी संपेपर्यंत त्याची घोंगडीसारखी जाड पट्टी तयार झाली. समोरून पाहिले तर कूलरची जाळी स्वच्छ दिसत होती, म्हणून कळलेच नाही. कळले ते मे महिन्यात, जेव्हा पांदणीत मीटरने कूलर नसतानाच्या दिवसांपेक्षाही वरचा आकडा दाखवला, एसी कोमट हवा फेकू लागला आणि इंजिनचा काटासुद्धा नेहमीची जागा सोडून वर सरकला. एका गोष्टीला थंड करण्यासाठी लावलेल्या वस्तूने तिघांचीही हवा अडवली होती.

पाण्याचा जोरदार फवारा मारून पाहिला, तर पातळ पाती वाकून हवेची वाट आणखी अरुंद झाली. मिस्त्रीने मग बंपर उतरवून मऊ ब्रशने आणि मागच्या बाजूने सोडलेल्या हलक्या हवेने ती फट साफ केली. दर वेळी बंपर उतरवायचा, दर वेळी प्लास्टिकची एखादी क्लिप तुटायची आणि अर्धा दिवस जायचा, हे मी दुसऱ्या हंगामात चार वेळा केले. ज्यांच्या गाडीत कूलर आणि कंडेन्सर यांच्यात हात जाईल एवढी जागा असेल त्यांचा अनुभव वेगळा असू शकेल, पण माझा संयम तेथे संपला.

कूलर काढल्यानंतर मी फक्त सवय बदलली. पांदणीचे तोंड आले की थांबून लो रेंज लावतो. पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या ट्रान्सफर केसमधल्या या गिअरमुळे चाकांवरचा जोर दुपटीच्या आसपास किंवा त्याहून अधिक होतो. इंजिन मोकळेपणाने फिरते, कन्व्हर्टरचे घसरणे कमी होते आणि गिअरबॉक्सचा ऑइल पंपही जोरात चालतो. पूर्वी मीही अनेकांप्रमाणे लो रेंज चिखलासाठी राखून ठेवत असे आणि कोरड्या चढावर नुसता ॲक्सिलरेटर दाबत असे, आज ते आठवून थोडे ओशाळल्यासारखे होते. बहुतेक गाड्यांत लो रेंजबरोबर फोर व्हील ड्राइव्ह लागतेच, म्हणून डांबरी किंवा सिमेंटचा रस्ता लागताच ती सोडायला विसरू नये, नाहीतर घट्ट पकडीच्या वळणांवर पुढच्या-मागच्या चाकांची ओढाताण होऊन ट्रान्सफर केसवर ताण येतो. मृगाच्या पहिल्या पावसानंतर काळ्या मातीत चाक रुतले तर डी (पुढे) आणि आर (मागे) यांच्यात गाडी झुलवत बसणे हा ऑइल तापवण्याचा सर्वांत जलद मार्ग आहे. अशा वेळी पराटी (कापसाची वाळलेली झाडे) किंवा फळी चाकाखाली द्यावी, आणि आकडा चढलाच असेल तर इंजिन बंद न करता न्यूट्रलमध्ये काही मिनिटे चालू ठेवावे, म्हणजे ऑइल मूळ कूलरमधून फिरत राहते.

माझ्या अनुभवात, लो रेंजमध्ये कूलरविना येणारा आकडा हाय रेंजमध्ये स्वच्छ कूलरसह येणाऱ्या आकड्याहून थोडा कमीच राहिला. माझा मीटर गाडीच्या संगणकातली माहिती देणाऱ्या ओबीडी पोर्टला लावलेला साधा ब्लूटूथचा आहे आणि सर्वच गाड्या त्यावर गिअरबॉक्सचे तापमान देत नाहीत, तेव्हा खरेदीआधी एवढे विचारून घ्यावे. ऑइल मी पुस्तिकेतल्या कठीण वापराच्या वेळापत्रकापेक्षाही थोडे आधी, पण ठरवून दिलेल्या दर्जाचेच टाकतो. कूलर, नळ्या आणि मजुरी यांवर जेवढे गेले त्यात दोनदा ऑइल बदलून झाले असते. शिवाय वॉरंटीतल्या गाडीच्या ऑइलच्या नळ्या बाहेरच्या माणसाने कापल्या, तर पुढच्या दाव्यात अडचण येऊ शकते.

ज्यांचे रोजचे काम घाटात भरलेली ट्रॉली ओढण्याचे आहे आणि गाडी पिकाच्या कुटारात जात नाही, त्यांनी कूलर जरूर बसवावा, मात्र तो ऑइल गरम झाल्यावरच वाट उघडणाऱ्या थर्मोस्टॅटसह बसवावा, कारण जानेवारीच्या पहाटे आपल्याकडे थंडीही कमी नसते. माझा कूलर दोन वर्षे गोठ्याच्या माळ्यावर पोत्यात बांधून पडला होता. गेल्या महिन्यात धारणीकडचा एक ओळखीचा माणूस, ज्याची गाडी बाराही महिने मेळघाटातच असते, तो मागून घेऊन गेला, आणि मी त्याच्यासोबत तो मऊ ब्रशही दिला.