सोसायटीतील खतपिंपांचे आठ महिने

नाशिकच्या इंदिरानगरमधील आमच्या 24 सदनिकांच्या सोसायटीने गेल्या जूनमध्ये ओल्या कचऱ्यासाठी 200 लिटरचे, बाजूंना भोके पाडलेले चार पिंप घेतले. घनकचरा व्यवस्थापन नियम, 2016 मध्ये मोठा कचरा उत्पादक ठरण्याची मर्यादा दिवसाला सरासरी 100 किलो होती. आमचा ओला कचरा जेमतेम बारा किलो, त्यामुळे सक्ती नव्हती, हौसच होती.

ती पहिल्या पावसाळ्यातच फिटत आली. श्रावणात पिंपांतून काळे पाणी झिरपू लागले, अळ्या झाल्या आणि तळमजल्यावरच्यांनी खिडक्या लावून घेतल्या. विक्रेत्याने जिवाणूंची आणखी पावडर टाकायला सांगितले, पण दोष जिवाणूंचा नव्हता. भाज्यांच्या सालींत पाणी आणि नत्र भरपूर असते. नत्राच्या एका भागाला कार्बनचे पंचवीस ते तीस भाग लागतात आणि तो भुशातून, वाळक्या पानांतून मिळतो. कोरडे काही नसले की पोकळ्यांत पाणी साचते, हवा कोंडते आणि कचरा कुजण्याऐवजी सडतो. वखारीतून भुशाची पोती आणून ओल्याच्या बरोबरीने कोरडे घालू लागलो, तेव्हा पंधरा दिवसांत वास गेला. डिसेंबरात थंडीने गारठलेल्या पहाटे झाकण उघडले की वाफ निघे. ती पाहायला विरोधकही येत.

वर्गीकरण मात्र सभेतल्या ठरावाने झाले नाही. बहुतेक घरांत कचऱ्याचा डबा बाहेर ठेवतात त्या कामाच्या मावशी, आणि सूचना आम्ही देत होतो मालकांना! मावशींना एकत्र बसवून दोन डब्यांतला फरक दाखवल्यावर चित्र पालटले. सुका कचरा आता घंटागाडीत खरकट्याविना जातो. तो ओल्यात मिसळला असता, तर कागद विकण्याजोगा राहिला नसता आणि पाथर्डीच्या खतप्रकल्पापर्यंत आपण निव्वळ पाणी वाहून नेले असते.

पिंप घ्यावेत का? घ्यावेत, पण आधी भुसा कुठून येणार, तो कोरडा कुठे राहणार आणि आठवड्यातून दोनदा ढवळणाऱ्याला पैसे कोण देणार, हे ठरवावे. पिंपांचा खर्च एकदाच होतो, हा खर्च दरमहा असतो. आमच्याकडे त्यावरून दोन सभा गाजल्या.

खत काळे, भुसभुशीत निघते, पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो. चाळणीत मात्र अजूनही दुधाच्या पिशव्यांचे कापलेले कोपरे सापडतात.