अपस्मारासाठी मदतनीस कुत्रा की मनगटावरचे यंत्र?

अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबात कुणाला अपस्मार असेल आणि औषधे बदलूनही फिट थांबत नसतील, तर मदतनीस कुत्र्याचा विषय कधी ना कधी निघतोच. तेव्हा पहिला घोळ नावाचा होतो, कारण एकाच नावाखाली दोन निराळ्या गोष्टी सांगितल्या जातात: फिट आल्यावर मदत करणारा कुत्रा आणि फिट येण्याआधी इशारा देणारा कुत्रा. तिसरा पर्याय मनगटावर बांधायच्या यंत्राचा आहे.

फिट आल्यावर मदत करणाऱ्या कुत्र्याचे काम शिकवता येते आणि शिकवलेले तपासूनही पाहता येते. तो भुंकून घरच्यांना बोलावतो, भिंतीवरचे धोक्याचे बटण पंजाने दाबतो, फोन किंवा औषधाची पिशवी आणून देतो आणि शुद्ध येईपर्यंत शेजारी पडून राहतो. मात्र रुग्णाला कुशीवर वळवणे, किती मिनिटे झाली हे घड्याळात पाहणे आणि फिट पाच मिनिटांहून लांबली तर रुग्णवाहिका बोलावणे ही कामे माणसाचीच आहेत. (आपल्याकडे कांदा किंवा चप्पल हुंगवण्याची जी धावपळ होते, तिचा उपयोग काहीच नाही, कुत्रा निदान ते तरी करत नाही.)

आधी इशारा देण्याची गोष्ट अधिक मोहक आहे आणि अधिक निसरडीही. इंग्लंडमधील शेफिल्ड येथील ‘सपोर्ट डॉग्ज’ ही संस्था असे कुत्रे तयार करते आणि फिटच्या काही मिनिटे आधीच इशारा मिळतो असे सांगते. फिटला वास असतो, या कल्पनेला आधारही आहे: फ्रान्समधील रेन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पाच प्रशिक्षित कुत्र्यांनी फिटच्या वेळी घेतलेले घामाचे व श्वासाचे नमुने इतर वेळच्या नमुन्यांतून वेगळे ओळखले. पण डबीतला वास ओळखणे आणि घरातल्या गजबजाटात फिट येण्याआधी इशारा देणे यांत बरेच अंतर आहे. रुग्णालयात व्हिडिओ व ईईजी (मेंदूतील विद्युत लहरींची नोंद) यांच्या देखरेखीखाली अशा काही कुत्र्यांचे निरीक्षण झाले, तेव्हा ज्या झटक्यांना ते इशारा देत होते त्यांपैकी काही अपस्माराचे नसून मानसिक कारणांचे निघाले. म्हणून आधी इशारा देण्याची हमी देऊन पैसे मागणाऱ्या प्रशिक्षकापासून दूर राहावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मदतीसाठी शिकवलेला कुत्रा सहवासातून पुढे इशाराही देऊ लागला, तर ती वरकड कमाई समजावी.

कुत्र्याच्या बाजूने आजवरचा सर्वांत वजनदार पुरावा नेदरलँड्समधला आहे. तेथे औषधांना दाद न देणारा अपस्मार असलेल्या २५ जणांचा अभ्यास झाला आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार कुत्रा मिळाल्यानंतरच्या काळात फिटचे प्रमाण सरासरी ३१ टक्क्यांनी घटले. रुग्ण थोडे होते, काही जण मध्येच बाहेर पडले आणि कुत्रा घरात आहे हे कुणापासून लपवता येत नाही, हे सर्व धरूनही हा आकडा दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

यंत्राचे गणित सोपे आहे. ‘एम्पॅटिका’ कंपनीच्या ‘एम्ब्रेस’ या मनगटी यंत्राला २०१८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची मान्यता मिळाली. हाताची हालचाल आणि त्वचेतील विद्युत बदल यांवरून ते सर्वांगाला झटके देणारी फिट ओळखते आणि फोनमार्फत नातेवाइकांना कळवते. नुसती नजर शून्यात लागणारी फिट त्याच्या कक्षेत येत नाही, दात घासण्यासारख्या लयबद्ध हालचालीने खोटा इशारा जाऊ शकतो आणि चार्जिंग विसरले की सारेच बंद. तरीही झोपेत येणाऱ्या मोठ्या फिटसाठी मी आधी यंत्रच सुचवीन, कारण अपस्मारातील अचानक मृत्यू, ज्याचे प्रमाण अपस्मार असलेल्या प्रौढांमध्ये वर्षाला हजारात सुमारे एक आहे, बहुधा झोपेत आणि कुणी जवळ नसताना होतो. अर्थात इशारा मिळताच धावून येणारे कुणी घरात असायला हवे.

कुत्र्याची खरी किंमत प्रशिक्षणाच्या हजारो डॉलरपुरती थांबत नाही. काही संस्था तो विनामूल्य देतात, पण तेथे वर्षानुवर्षे वाट पाहावी लागते. पुढे आठ-दहा वर्षे रोज त्याला फिरवायचे असते, फिट येऊन अंग मोडून आले असेल त्या दिवशीही. पशुवैद्याकडे नेण्यासाठी गाडी लागते आणि ब्रिटनमध्ये सामान्यतः १२ महिने फिटविना गेल्याशिवाय अपस्माराच्या रुग्णाला गाडी चालवता येत नाही. त्यामुळे एकट्या राहणाऱ्याला कुत्र्याची गरज सर्वाधिक असते आणि कुत्रा सांभाळणे सर्वाधिक जडही त्यालाच जाते. घरचा लाडका कुत्रा हे काम आपोआप करील असेही धरू नये. फिट पाहून काही कुत्रे बिथरतात, क्वचित अंगावरही येतात.

अमेरिकेत कायदा मात्र कुत्र्याच्या बाजूने आहे. अपंगत्वामुळे लागणारे ठरावीक काम शिकलेला कुत्रा दुकानात किंवा उपाहारगृहात नेता येतो आणि तेथील कर्मचारी दोनच प्रश्न विचारू शकतात: हा अपंगत्वामुळे लागणारा कुत्रा आहे का, आणि त्याला कोणते काम शिकवले आहे. इंटरनेटवर विकत मिळणाऱ्या प्रमाणपत्राला कायद्याच्या दृष्टीने काहीही किंमत नाही. विमानप्रवासासाठी मात्र कंपनी परिवहन खात्याचे अर्ज भरून मागू शकते, तेव्हा तिकीट काढतानाच ते विचारून घ्यावे.