जुन्या नकाशातली नावं आणि एक भारी मॅप साइट

नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडची मॅप साइट अजून बघितली नसेल तर बघाच, पण रात्री उशिरा उघडू नका, झोपेचं खोबरं होतं. जुने नकाशे स्कॅन करून आजच्या सॅटेलाइट फोटोवर नेमके बसवलेत, स्लायडर सरकवला की जुना नकाशा विरत जातो आणि खालून आजचा रस्ता वर येतो. आणि बघायला पैसे लागत नाहीत.

मी याकडे वळलो ते एका पेड ॲपमुळे (नाव घेत नाही). त्यात एडिनबरोतल्या काउगेट या नावाचा अर्थ 'गायींचा दरवाजा' असा ठोकून दिलेला, आणि मी येडा नकाशावर तो दरवाजा शोधत बसलो. दरवाजा नाहीच! तिथल्या जुन्या बोलीत गेट म्हणजे रस्ता, शब्द आलाय जुन्या नॉर्स (व्हायकिंगांच्या) भाषेतल्या 'गाता'वरून, आणि वेशीला म्हणायचे पोर्ट. म्हणजे वेस हवी असेल तर वेस्ट पोर्ट किंवा नेदरबो पोर्ट शोधायचं, त्यातली नेदरबो १७६४ मध्ये पाडली. कॅननगेटचंही तेच, तोफेचा काही संबंध नाही, होलिरूड ॲबी या मठातले धर्मगुरू म्हणजे कॅनन, त्यांचा रस्ता.

माझा आवडता नकाशा एडिनबरोच्या १८४९-५३ च्या सर्व्हेचा, स्केल १:१०५६, म्हणजे एका मैलाला कागदावर पाच फूट!! झूम करत गेलात की दिव्याचे खांब दिसतात, चर्चमध्ये किती लोक बसतात तेही लिहिलेलं. बोळाला तिथे क्लोज म्हणतात, फ्लेशमार्केट क्लोज वाचलं की मटण बाजार कुठे होता ते वेगळं सांगावं लागत नाही.

पण नकाशा नाव देतो, अर्थ देत नाही. त्यासाठी स्कॉटलंड्सप्लेसेस साइटवर ऑर्डनन्स सर्व्हे म्हणजे ब्रिटनच्या सरकारी नकाशा खात्याच्या नेम बुक्स आहेत, सर्व्हेवाल्यांनी हाताने भरलेल्या वह्या, एका कॉलममध्ये नावाची वेगवेगळी स्पेलिंगं आणि शेजारी ते स्पेलिंग कुणी सांगितलं ते. अर्थ लावायचा तर आधी ही जुनी स्पेलिंगं बघा, आजच्या उच्चारावरून अंदाज बांधलात की माझ्यासारखा दरवाजा शोधत बसाल.

१६४७ चा गॉर्डनने काढलेला एडिनबरोचा नकाशा मात्र स्लायडरने जुळवायच्या भानगडीत पडू नका, तो आकाशातून बघितल्यासारखं चित्र आहे, घरं उभी काढलीत, नुसता मोठा करून बघा. आणि फोनवर नको, बोट जाडं पडतं.