घरीच इंजिन उतरवायचंय: चेन पुली, भाड्याची क्रेन की खालून?

बजेट टाईट असेल तर सगळे आधी टूलची किंमत विचारतात, पण मी म्हणेन गाडी उभी राहते तिथे वर काय आहे आणि खाली काय आहे ते आधी बघा.

चेन पुली, म्हणजे हाताने साखळी ओढून वजन उचलायची कप्पी, सगळ्यात स्वस्त पडते. एक टनाची आरामात पुरते, मारुती ८०० किंवा जुन्या अल्टोचं तीन सिलिंडरचं ७९६ सीसी इंजिन गिअरबॉक्ससकट धरलं तरी त्याच्या बरंच खाली राहतं. नवी हवी असेल तर पुण्यात बोहरी आळीत विचारा, जुनी हवी असेल तर बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारा, फक्त कड्या ताणलेल्या नाहीत ना आणि हुक उघडलेला नाही ना ते बघून घ्या. हिचा मोठा फायदा म्हणजे आत ब्रेक असतो, हातातली साखळी सोडली तरी इंजिन तिथेच थांबतं. गॅरेजची पोरं दोरी आणि पाईप लावून उचलतात ते बघून आपण करायला जाऊ नये, त्यांचा हात बसलेला असतो.

पण टांगणार कशाला? पंख्याच्या हुकाला अजिबात नाही, पत्र्याच्या शेडच्या अँगललाही नाही, आणि सोसायटीच्या बीमला ड्रिल लावलं की सेक्रेटरी हजर. मग उरते जाड पाईपची तिवई, तिचे पाय फाकू नयेत म्हणून खालून साखळीने बांधायचे, आणि इंजिन वर आलं की गाडी मागे ढकलायची, त्यामुळे पायांत तेवढं अंतर लागतंच. बंगला किंवा मोकळं अंगण असेल तर मी हेच करेन.

सोसायटीत मात्र भाड्याची फोल्डिंग क्रेन बरी, वर काहीच लागत नाही. दोन टन लिहिलंय म्हणून खूश होऊ नका, क्रेनचा हात पूर्ण बाहेर काढला की तीच अर्ध्या टनाच्या आसपास येते. चाकं बारीक असतात, कोब्यावर पळतात, पेव्हर ब्लॉकवर अडकतात आणि लटकलेलं इंजिन झोके खायला लागतं, तेव्हा खाली जाड प्लाय टाका आणि हलवताना इंजिन खाली घ्या. भाडं दिवसावर असतं म्हणून बोनेट, वायरिंग, कूलंट, सायलेन्सर, अ‍ॅक्सल सगळं आधी सोडवून ठेवा, फक्त माउंटिंग (इंजिन बॉडीला धरून ठेवणारे जोड) राहिले की मगच क्रेन आणा, निम्मे पैसे इथेच वाचतात राव.

खालून काढणं ओम्नीला ठीक, तिचं इंजिन पुढच्या सीटखालीच आहे. बाकी गाड्यांना बॉडी इतकी वर घ्यावी लागते की घरी नकोच.

काहीही निवडा, घोड्यांवर (उचललेली गाडी टेकवायचे स्टँड) पैसे वाचवू नका, नुसत्या जॅकवर गाडीखाली कोणी शिरायचं नाही. बॅटरीची निगेटिव्ह पहिली काढा, एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शनवालं इंजिन) असेल तर पेट्रोल लाईनचं प्रेशर आधी सोडा. एसी असेल तर गॅस हवेत सोडू नका, कॉम्प्रेसर पाईपसकट सोडवून बाजूला बांधून ठेवला की झालं.

आणि हे सगळं नुसत्या क्लचप्लेटसाठी चाललं असेल तर थांबा, ८०० मध्ये इंजिन जागेवर ठेवून खालून टेकू देऊन एकटा गिअरबॉक्स उतरतो.