ओस्वेस्ट्रीचा फॉर्म, आठ महिने: एक प्रश्न सोडला आणि कागदावर दुखणं कमी झालं

कंबरदुखीसाठी फिजिओकडे जाऊन आलेल्यांना हा फॉर्म माहीत असेलच. दुखण्यामुळे रोजची कामं किती अडतात ते तो मोजतो: दहा प्रश्न, प्रत्येकाखाली सहा वाक्यं, ० ते ५ गुण, बेरीज दुप्पट केली की टक्के. टक्के जितके जास्त, तितका त्रास जास्त. मी तो आठ महिने भरतेय. आज लिहायला बसले ते तिसऱ्या महिन्यातल्या भांडणामुळे.

पहिल्या दिवशी मी तो एकटीने बसून भरला. २२ गुण, म्हणजे ४४ टक्के. तिसऱ्या महिन्यात काउंटरवरच्या मुलीने घाईघाईत प्रश्न मोठ्याने वाचले आणि तिनेच खुणा केल्या. बाकावर चार माणसं बसलेली. लैंगिक आयुष्याचा प्रश्न आला तेव्हा मी म्हटलं, "तो राहू दे गं." तिने सोडला. बेरीज १७, टक्के ३४. "ताई, दहाने उतरलं! गुण येतोय. पुढचं पॅकेज चालू करू या." मी बारा सेशनचे पैसे आगाऊ भरून घरी आले.

घरी शिलाई मशीनवर बसले तर वीस मिनिटांत तीच कळ, कमरेतून डाव्या मांडीत. मी ब्लाऊज शिवते, पै-पैचा हिशोब वहीत असतो. हा दहाचा उतार आला कुठून, ते शोधलंच. सोडलेला प्रश्न तिने शून्य धरला होता. नियम तसा नाही. एक प्रश्न सुटला तर एकूण गुण ५० नाही, ४५ धरायचे. १७ भागिले ४५, म्हणजे ३८ टक्के. उतार दहाचा नाही, सहाचा. साधारण दहाचा फरक असला तरच तो माणसाला जाणवण्याजोगा मानतात. शिवाय पहिल्या वेळी त्याच प्रश्नावर माझे ३ गुण होते. म्हणजे बाकीच्या नऊ प्रश्नांत मिळून फक्त दोन गुण उतरले होते!

दुसऱ्या दिवशी वही घेऊन गेले. "एवढ्याने काय होतं?" हे तिथे मिळालेलं उत्तर मी विसरणार नाही. पैसे परत मिळाले नाहीत. वाद घालून व्यायाम तेवढे बदलून घेतले.

तेव्हा माझं मत झालं होतं की फॉर्म फालतू, एमआरआयच खरा. आज तसं म्हणणार नाही. एमआरआयमध्ये गादी सरकलेली दिसते, पण अजिबात न दुखणाऱ्यांच्याही एमआरआयमध्ये ती दिसू शकते. मी स्टुलावर किती वेळ बसू शकते, हे माझ्याशिवाय कोण सांगणार? इंग्लंडमधल्या ओस्वेस्ट्रीच्या हाडांच्या इस्पितळातून १९८० साली आलेला हा कागद नेमकं तेच विचारतो. आता मी तो दर महिन्याला घरी, दार लावून भरते. तो प्रश्नही. दुखण्यामुळे आम्ही नवरा-बायको वर्षभर वेगळ्या खोल्यांत झोपत होतो. कागदाने विचारलं नसतं तर मी ते कुणाजवळ बोलले नसते.

एक उणीव मात्र खरी आहे. वाकण्याबद्दल यात वेगळा प्रश्नच नाही, मांडी घालून बसण्याबद्दलही नाही. बसणं म्हणजे खुर्चीतलं. मी कापड जमिनीवर पसरून कापणारी बाई, माझं अर्धं दुखणं तिथेच. म्हणून जोडीला रोलंड-मॉरिस नावाचा कंबरदुखीचाच दुसरा फॉर्म भरायला लागले. १९८३ चा, चोवीस वाक्यं, आज लागू असेल त्यावर खूण, प्रत्येक खुणेचा एक गुण. त्यात वाकणं आणि गुडघे टेकणं टाळते असं वाक्य आहे, कूस बदलताना त्रास होतो असंही आहे. पाठीमुळे माणसांवर नेहमीपेक्षा जास्त चिडते, या वाक्यावर खूण करताना पेन थांबलं. सकाळीच लेकीवर ओरडले होते.

मागच्या रविवारी ओस्वेस्ट्री १३, म्हणजे २६ टक्के, एकही प्रश्न न सोडता. बसण्याच्या प्रश्नात अर्ध्या तासावरून एका तासावर आले. रोलंड १५ वरून ९. चिडण्याची खूण गेली. वाकण्याची अजून आहे, कापड अजून टेबलावरच कापते.