स्वदेशी म्हणून घेतलेल्या ४२ माळा

आमच्या सोसायटीत ४२ घरं आहेत. गेल्या दिवाळीला या सगळ्या घरांसाठी विजेच्या माळा मी एकत्र विकत घेतल्या. बैठकीत उभी राहून मीच म्हटलं होतं, की यंदा आपल्या एकाही गॅलरीत बाहेरच्या देशातली माळ लागायला नको. लोकांनी विश्वासाने पैसे माझ्याकडे दिले, विक्रेता मी शोधला, आणि फसवणूक झाली ती माझ्या एकटीची नाही, सगळ्यांची झाली. विक्रेत्याचं नाव इथे लिहीत नाही, तक्रार चालू आहे. पण त्याने काय काय केलं ते सगळं लिहिते, कारण हीच युक्ती उद्या राख्यांवर, खेळण्यांवर, मिक्सरवर कुणीही करू शकतो.

दिवाळीच्या दहा दिवस आधी एका मंगल कार्यालयात स्वदेशी वस्तूंचं प्रदर्शन लागलं होतं. उटणं, पणत्या, आकाशकंदील, खादीचे कुर्ते असे पुष्कळ गाळे होते आणि त्यातले बरेच जण खरोखर हातांनी काम करणारे होते, हे मुद्दाम सांगते. शेवटच्या रांगेत माळांचा गाळा होता. मागच्या फलकावर हुतात्मा बाबू गेनूंचा फोटो. १२ डिसेंबर १९३० ला मुंबईत काळबादेवीला विदेशी कापडाच्या ट्रकसमोर आडवा झालेला आंबेगाव तालुक्यातला हा गिरणी कामगार. मी २६ वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं आणि दरवर्षी मुलांना त्यांची गोष्ट सांगितली. तो फोटो पाहून माझे पाय तिथेच थांबले. आता वाटतं, तो फोटो माझ्यासारख्यांसाठीच लावलेला होता.

विक्रेता तिशीचा, बोलायला अतिशय नम्र. म्हणाला, "ताई, बाजारात अशी माळ दीडशेला मिळेल. माझी ३४० ला आहे, कमी करणार नाही. माझ्याकडे पंधरा बायका बसून सोल्डरिंग करतात, त्यांना रोज द्यावा लागतो." मी पावती किंवा कारखान्याचा पत्ता विचारायच्या आत त्याने स्वतःच पुरावे पुढे केले. खोक्यावर तिरंगी पट्टी, तिच्यावर 'भारतात बनवलेले'. भिंतीला फ्रेम करून लावलेलं उद्यम नोंदणीचं, म्हणजे लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीचं, प्रमाणपत्र. आणि मग खोकं उलटं करून बारकोडवर बोट ठेवलं. "हे बघा ताई, ८९० ने सुरू होतो. म्हणजे भारतीय."

हा ८९० चा निरोप मलाही व्हॉट्सॲपवर आला होता. मी तो पुढेही पाठवला होता. त्यामुळे मला वाटलं, माणूस सच्चा आहे, स्वतःहून सगळं दाखवतोय. ४२ माळांचे १४,२८० रुपये झाले. त्याने वरचे २८० सोडले आणि मी मोबाइलवरून १४,००० पाठवले. पैसे पाठवताना पडद्यावर फलकावरच्या उद्योगाचं नाव आलं नाही, कुणा व्यक्तीचं आलं. ते मी पाहिलं. विचारलं नाही. पावतीच्या वरच्या बाजूला 'एस्टिमेट' छापलेलं होतं. "पक्कं बिल दिवाळीनंतर घरपोच देतो," म्हणाला. तेही मी चालवून घेतलं.

बाजारातल्या दुकानदाराने असं केलं असतं तर मी बिलावाचून पैसे दिले नसते. दोन रुपयांची मेथीची जुडीसुद्धा मी निवडून घेते. इथे मात्र चौकशी करणं म्हणजे त्या पंधरा बायकांच्या कष्टांवर संशय घेणं, असं मला वाटलं. माझा तोल गेला तो इथे. त्याने माळ विकलीच नाही, आपल्या मनातली भावना आपल्यालाच दुप्पट भावाने विकली.

वसुबारसेला सगळ्या गॅलऱ्या उजळल्या. लक्ष्मीपूजनापर्यंत नऊ माळा बंद पडल्या. त्याच रात्री दुसऱ्या मजल्यावरच्या घरातून जळका वास येतोय म्हणून हाक आली. माळेचा ॲडॅप्टर इतका तापला होता की त्याचं प्लास्टिक एका बाजूने मऊ पडलं होतं. शेजारीच कापडी आकाशकंदील टांगलेला. त्या घरातला सात वर्षांचा मुलगा प्लग काढायला गेला होता, आजीने वेळीच मागे ओढलं. ही गोष्ट माझ्या मनातून अजून जात नाही.

माझा भाचा इलेक्ट्रिकची कामं घेतो. भाऊबीजेला आला तेव्हा त्याने तो ॲडॅप्टर हातात घेतला. उष्णतेने वरच्या पट्टीचा कोपरा सुटला होता. त्याने नखाने ती उचलली. खाली चिनी अक्षरं आणि त्याखाली 'मेड इन पीआरसी'. पीआरसी म्हणजे पीपल्स रिपब्लिक ऑफ चायना, हे त्याने सांगितलं तेव्हा मला कळलं. खोक्यावरची तिरंगी पट्टी काढली, तर तिच्याखालीही तेच. आतली तार केसासारखी बारीक. "मावशी, ही दीडशेचीसुद्धा नाही," एवढंच तो म्हणाला.

त्यानंतरचे दोन महिने मी हेच शोधत बसले, की त्या माणसाने दाखवलेल्या एकेका पुराव्याचा खरा अर्थ काय.

बारकोडचं आधी सांगते, कारण तो गैरसमज सगळ्यात जास्त पसरलेला आहे. बारकोडाचे आकडे जीएस१ नावाची संस्था देते. ८९० चा अर्थ एवढाच, की हा क्रमांक जीएस१च्या भारतातल्या शाखेकडून घेतलेला आहे. वस्तू कुठे बनली ते त्यात कुठेच येत नाही. भारतात नोंदलेली कंपनी कुठल्याही देशातून माल आणून त्यावर ८९० चा बारकोड छापू शकते, आणि त्यात बेकायदेशीर काही नाही. तसंच इथे बनलेल्या वस्तूवर दुसऱ्या देशाचा आकडा असू शकतो. म्हणजे बारकोड पाहून देश ओळखताच येत नाही.

उद्यम प्रमाणपत्र खरं असलं तरी ते उद्योगाच्या नोंदणीचं असतं, मालाचं नसतं. नोंदणी फुकट होते, स्वतः दिलेल्या माहितीवर होते. जीएसटी क्रमांक फलकाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात होता, तो माझ्या एका फोटोत आला होता. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर हा क्रमांक टाकला की व्यवसायाचं नाव, नोंदणी चालू आहे की रद्द, आणि व्यवसाय उत्पादनाचा आहे की व्यापाराचा, हे सगळं दिसतं. त्यासाठी लॉगिन लागत नाही. मी टाकला. नाव वेगळंच, व्यवसाय किरकोळ विक्रीचा, नोंदणी रद्द झालेली. दोन मिनिटांचं काम. गाळ्यासमोर उभी असताना केलं असतं तर ४२ घरांचे पैसे वाचले असते.

ॲडॅप्टरवर बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, 'आर' ने सुरू होणारा क्रमांकही छापलेला होता. बीआयएस केअर या सरकारी ॲपमध्ये तो तपासता येतो. आमचा क्रमांक तिथे सापडलाच नाही. पण इथेही एक गोष्ट नीट समजून घ्या. बीआयएसची खूण वस्तू ठरलेल्या मानकात बसते असं सांगते, देश सांगत नाही. परदेशातल्या कारखान्यांनाही ही नोंदणी मिळते, आयएसआयचा परवानाही मिळतो. क्रमांक खरा असेल तर ॲपमध्ये उत्पादकाचं नाव आणि पत्ता येतो, तो वाचायचा.

मग पाहायचं काय? खोक्यावरचे बारीक शब्द. पाकीटबंद मालावर उत्पादक, पॅक करणारा किंवा आयातदार यांचं नाव आणि पूर्ण पत्ता, महिना-वर्ष, सर्व करांसह किंमत आणि तक्रारीसाठीचा संपर्क छापलेला असावा लागतो. माल आयात केलेला असेल तर मूळ देशही. हे २०११ च्या वैधमापन, म्हणजे वजन-मापं आणि पाकीटबंद मालाच्या, नियमांत आहे. 'मार्केटेड बाय', 'पॅक्ड बाय', 'डिझाइन्ड इन इंडिया' यांतला एकही शब्द 'इथे बनवलं' असं म्हणत नाही. 'मॅन्युफॅक्चर्ड बाय' आणि त्यापुढे पूर्ण पत्ता हवा. आमच्या खोक्यावर नुसतं औद्योगिक वसाहतीचं नाव होतं, प्लॉट क्रमांक नव्हता. ऑनलाइन घेणाऱ्यांसाठी, २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे आयात मालाचा मूळ देश विक्रीच्या पानावरच दिसायला हवा. दिसत नसेल तर मागवू नका. आणि पट्टीवर पट्टी दिसली, तर तिथेच थांबा.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, मग स्वदेशीचा नादच सोडावा. माझं मत अजिबात तसं झालेलं नाही. दिवाळीनंतर एका ओळखीच्या बाईंबरोबर मी माळा बनवणारा एक खरा लहान कारखाना पाहायला गेले. पत्र्याची शेड, आठ जणी कामाला. मालकांनी मी विचारायच्या आधीच सांगितलं, "दिव्यांच्या चिप बाहेरूनच येतात. तार आपली, जोडणी आपली, प्रत्येक माळ चार तास लावून तपासतो." त्यांच्या खोक्यावर पूर्ण पत्ता होता, बिल पक्कं होतं, आणि भाव त्या फसव्या माळेपेक्षा कमी होता. सरकारसुद्धा स्वतःच्या खरेदीत स्वदेशी हे टक्क्यांतच मोजतं: 'मेक इन इंडिया'ला प्राधान्य देणाऱ्या आदेशात किमान ५० टक्के देशी हिस्सा असेल तर पुरवठादार पहिल्या वर्गातला, २० टक्के असेल तर दुसऱ्या. त्यामुळे 'शंभर टक्के आपलं' असं छातीठोक सांगणाऱ्यापेक्षा 'एवढं आपलं, एवढं बाहेरचं' असं सांगणाऱ्याकडून मी माल घेईन. त्या आठ जणींचं गिऱ्हाईक त्या गाळ्याने पळवलं, याचा राग मला माझ्या १४,००० पेक्षा जास्त आहे.

तक्रारीचं कसं झालं तेही सांगते. ज्यांचे पैसे गेले त्यांना मी माझ्या पेन्शनमधून ते परत केले. काही घरांनी घेतले नाहीत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर फोन केला, मराठीत बोलता आलं, तक्रारीचा क्रमांक मिळाला. विक्रेत्याचा फोन तोपर्यंत बंद झाला होता. दिलेल्या पत्त्यावर पाठवलेली नोटीस 'पत्ता अपूर्ण' म्हणून परत आली. ते पाकीट फाडू नका, फेकू नका. नोटीस पाठवल्याचा तो पुरावा असतो. वैधमापन खात्याच्या निरीक्षकांनी येऊन दोन खोकी नमुना म्हणून नेली. त्यांनी सांगितलं की मी उत्साहाने बऱ्याच खोक्यांवरच्या पट्ट्या काढायला नको होत्या. पट्टी लावलेली असतानाचा फोटो, मग अर्धी उचललेली असतानाचा फोटो, असं हवं होतं. तुमच्यावर अशी वेळ आली तर आधी फोटो काढा.

जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार ई-जागृती पोर्टलवरून दाखल केली आहे. आपण राहतो त्याच जिल्ह्यात ती करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, आणि मुदत दोन वर्षांची असते. प्रदर्शनाच्या आयोजकांनाही मी पक्षकार केलं आहे, कारण गाळ्याचं भाडं त्यांनी घेतलं होतं आणि प्रवेशद्वारावर 'फक्त स्वदेशी' असा फलक त्यांनीच लावला होता. आयोग ते मान्य करतो की नाही ते कळेल.

माळा एका पोत्यात भरून माझ्या पलंगाखाली ठेवल्या आहेत. प्रत्येकीवर घराचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी बांधली आहे, म्हणजे सुनावणीला नेता येतील. परवा कुटुंबाच्या ग्रुपवर पुन्हा तोच ८९० चा निरोप आला, राख्यांच्या खरेदीसाठी. मी त्याखाली त्या ॲडॅप्टरचा फोटो टाकला, अर्धी पट्टी निघालेला, आणि बारकोडचा खरा अर्थ लिहिला. धाकट्या दिरांनी पाठवलेला निरोप होता तो. त्यांनी फोन करून विचारलं, "वहिनी, मग खोक्यावर नेमकं काय वाचायचं ते एकदा सांगा." त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहिलं आहे.